परक्या अक्षरांची औषधं

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक होते. माहेर हदगावचं. माझं काम काय आहे ते आईला कधी नीट सांगता आलं नाही. "आमची पोरगी दवाखान्यात हाय," एवढंच ती सांगायची, आणि मी सुट्टीत घरी गेले की शेजारणी गुडघ्याचं नाहीतर डोळ्याचं दुखणं घेऊन ओट्यावर येऊन बसायच्या. "मावशी, मी पुस्तकं सांभाळते," असं म्हटलं की त्यांची तोंडं उतरायची.

खरं सांगायचं तर मलाही ते काम फार मोठं वाटत नव्हतं. परीक्षेच्या आधी भरणारी आणि निकालानंतर ओस पडणारी जागा म्हणजे ग्रंथालय, अशी माझी समजूत होती.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. नांदेडला भांडी वाजली, माणसं रस्त्यावर आली आणि उजाडल्यावर आपापल्या घरात गेली. नेमकं काय झालं ते दुपारपर्यंत कळत गेलं. औशाच्या पुढची गावं दगडामातीच्या घरांखाली गेली होती. आमच्याकडचे डॉक्टर, शिकाऊ मुलं, परिचारिका, जे मिळेल त्या गाडीनं लातूरकडे निघाले. संध्याकाळी ग्रंथालयात दोघंच उरलो. मी आणि ग्रंथपाल सर.

सर निवृत्तीला आलेले, हृदयाचे रुग्ण, बोलायला कमी. मला वाटलं, आता कुलूप लावून घरी जायचं. सर म्हणाले, "बाई, कुलूप लावू नका. फोनजवळ कुणीतरी बसायला पाहिजे."

"आपल्याला कोण फोन करणार, सर?"

"करतील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोन आलाच. लातूरहून आमच्याच एका डॉक्टरांचा. ढिगाऱ्यातून काढलेली काही माणसं आधी बरी दिसतात, बोलतात, पाणी मागतात; मग लघवी बंद होते आणि ती हातची जायला लागतात. दाबले गेलेले स्नायू मूत्रपिंडाला कसे मारतात हे त्यांना ठाऊक होतं. पण सलाइन किती, कोणतं, आणि हात-पाय मोकळे करायच्या आधी की नंतर, याबद्दल दुसऱ्या देशांतल्या भूकंपांनंतर जे लिहिलं गेलं होतं ते त्यांना तातडीनं हवं होतं. सरांनी आणि मी बांधीव नियतकालिकांचे गठ्ठे जमिनीवर उतरवले. चार लेख सापडले. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं पैसे घेतले नाहीत. लातूर गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात मी पाकीट दिलं तेव्हा त्यानं विचारलं, "यात काय हाय, बाई?" मी म्हटलं, "औषधच समजा." त्यानं पाकीट सीटखाली न टाकता आपल्या शर्टाच्या आत ठेवलं.

त्या पाकिटाचा कुणाला किती उपयोग झाला ते मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून फोन वाजत राहिला. मेलेल्या माणसांमुळे साथ पसरते का? आई गेलेल्या तान्ह्या लेकराला काय पाजायचं? टाकीतल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किती घालायची? आम्ही शोधायचो, वाचून दाखवायचो, पाठवायचो. सर स्वतः फोनवर एकेक आकडा दोनदा म्हणायला लावायचे. "ऐकलेलं आणि लिहिलेलं यात चूक झाली तर माणूस मरतो," ते म्हणायचे, आणि ते उगाच घाबरवायला म्हणत नसत.

मग एक वेगळाच फोन आला. लातूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारातल्या एका गोदामात देशोदेशीची औषधं येऊन पडली होती. खोक्यांवरची अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती. औषधांचे कोश असतील तर पाठवा, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणत होत्या.

सरांनी फोन ठेवला आणि कपाट उघडलं. "नुसती पुस्तकं पाठवून भागणार नाही," ते म्हणाले. "त्यांना ती उघडायला वेळ कुठाय? पुस्तकाबरोबर माणूस जायला पाहिजे."

त्यांना स्वतःला जाता येणार नव्हतं. मी म्हटलं, "मी जाते."

हदगावला शेजारच्या दुकानात फोन करून आईला बोलावलं. ती धापा टाकत आली. "तिकडं जमीन हालून राहिली, सगळे तिकडून पळून राहिले, अन् तू तिकडंच चालली?"

"काम आहे, आई."

"पुस्तकाचं कसलं आलंय काम तिथं?"

 म्हटलं, "आल्यावर सांगते."

औषधांचे दोन जाडजूड कोश, त्यांच्या पुरवण्या, आणि कला महाविद्यालयातून मागून आणलेले परकीय भाषांचे तीन शब्दकोश, एवढं एका लोखंडी पेटीत भरून मी एसटीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. पाऊस लागला होता. गाडीत बहुतेक माणसं नातेवाइकांच्या शोधात निघालेली. 

गोदाम आडत्याचं होतं, एरवी तिथं तूर आणि हरभरा असायचा. आता छतापर्यंत खोकी. दारात खुर्ची टाकून एक वयस्कर गृहस्थ बसले होते. सरकारी दवाखान्यातले औषधनिर्माते, मूळचे उदगीरचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या वडिलांचं उदगीरच्या किल्ल्याच्या बाजूला अत्तराचं दुकान होतं, आणि त्यामुळे की काय, कोणतीही बाटली हातात आली की ते ती आधी नाकाशी न्यायचे.

"आव बेटा," ते म्हणाले. "हे बघ. अल्लाच्या दुनियेत जितक्या जबाना, तितके खोके. लोकांनी मोहब्बतीनं पाठवलंय सगळं. पण मोहब्बत वाचता येत न्हाई ना."

मी पेटी उघडली. त्यांनी कोश दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला, पानं उलटली आणि म्हणाले, "आता हाय मजा."

कामाची पद्धत आम्ही दोघांनी मिळून बसवली. खोक्यावरचं मोठं नाव कंपनीचं असतं; ते देशोदेशी बदलतं. पण खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं आणि ते जगभर जवळपास एकच असतं, फक्त शेपूट बदलतं. ते बारीक अक्षर मी लावायची, कोशात शोधायची. चाचा गोळीचा आकार, ताकद, मुदत बघायचे आणि आपल्याकडे त्याच्या जागी काय चालतं ते सांगायचे. काही खोक्यांवर तर अशी लिपी होती की उलटी धरली की सुलटी हेच कळेना. त्यातली अक्षरं मी जशीच्या तशी कागदावर काढायची आणि रोज सकाळी एसटीनं सरांकडे पाठवायची. सर मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांना फोन लावून उत्तरं मिळवायचे. संध्याकाळी गोदामाजवळच्या आडत्याच्या फोनवर ते मला वाचून दाखवायचे. एकेक स्पेलिंग दोनदा.

ज्यांनी फोन केला होता त्या डॉक्टरबाई तिसऱ्या प्रहरी यायच्या. माझ्याच वयाच्या, चिखलानं भरलेले बूट, डोळे लाल. त्या निवाऱ्यांवर फिरायच्या आणि काय लागतंय ते सांगायच्या. एका बाईची फिटची औषधं घराबरोबर गाडली गेली होती आणि तिला दिवसातून दोनदा झटके येत होते. ते औषध चाचांनी आणि मी सगळं गोदाम उपसून शोधलं. सापडलं ते लहान मुलांच्या दूध-पावडरच्या डब्यांच्या मागे, एका हिरव्या पुठ्ठ्यात. डॉक्टरबाईंनी ते छातीशी धरलं आणि त्या जीपकडे पळाल्या.

माझी राहायची सोय एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरी केली होती. घराच्या मागे त्यांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या आणि त्यात डॉक्टर व्हायला निघालेल्या मुली राहायच्या. जळकोटच्या, निलंग्याच्या, एक पार देगलूरची. लातूरला क्लासेसचं वारं तेव्हा जोरात सुटलं होतं. गल्लोगल्ली पाट्या लागल्या होत्या. बारावीच्या मुली पहाटेपासून जीवशास्त्र घोकायच्या. भूकंपानंतर क्लास बंद पडले आणि निम्म्या मुलींना आईबाप घेऊन गेले. ज्या राहिल्या त्या अंगणात मांडवाखाली सतरंजी टाकून अभ्यास करायच्या, कारण घरात बसायला सगळ्यांनाच भीती वाटायची. घरमालकीण सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपून अंगणातच चूल मांडायच्या. "पत्र्याखाली मेलं तर नाव लागंल का डॉक्टरनीचं?" असं म्हणून मुलींना तिथंच जेवू घालायच्या. मला मात्र वाढताना रोज एकच प्रश्न. "आज किती वळखली, बाई?" किती खोकी ओळखली, असं. मी सांगायची, त्या मान डोलवायच्या.

एका सकाळी मी खोक्यांच्या मधल्या थप्पीशी पोचले. पांढरी लहान खोकी होती, त्यावर सूर्याचं चित्र. सूर्य, पिवळी किरणं, हसरा चेहरा. कुणालाही वाटावं, ताकदीच्या गोळ्या. बारीक अक्षर लावलं, कोश उघडला. मी ते नाव तीनदा ताडून पाहिलं आणि मग चाचांना हाक मारली.

त्यांनी चष्मा वर केला. "शक्कर कमी करणारी गोळी हाय ही," ते म्हणाले. "डायबिटीसवाल्याची. चांगल्या माणसानं उपाशीपोटी घेतली तर शक्कर एकदम खाली. चक्कर, घाम, बेहोशी."

थप्पीत मोठी पोकळी होती. खोकी कुणीतरी उचलून नेली होती.

चौकीदाराला विचारलं. "परवा ती टेम्पोवाली मंडळी आली होती न्हाई का," तो म्हणाला. "चांगली माणसं होती. म्हणाली, लोकांत ताकद न्हाई राहिली, व्हिटॅमिन वाटतो. हेच्यावर सूर्य हाय म्हणून हेच उचललं."

"कुठे गेली?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं. त्या गावाचे लोक माळावर पत्र्याच्या निवाऱ्यात होते.

 राग कुणावर काढावा ते कळेना. ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी चित्र वाचलं होतं, कारण अक्षर वाचता येत नव्हतं. आणि इतके दिवस मीही गोदामाच्या पुढच्या थप्प्याच लावत बसले होते, कारण पुढच्या हाताशी होत्या. पण विचार करायला वेळ नव्हता. चाचांनी गोदामाला कुलूप घातलं आणि चौकीदाराला बजावलं, "मी येईस्तोवर देव आला तरी दार उघडायचं न्हाई." डॉक्टरबाईंना दवाखान्यातून उचललं. जीपमध्ये ग्लुकोजच्या बाटल्या, साखरेचं पोतं, जलसंजीवनीची पाकिटं, आणि माझ्या मांडीवर तो कोश. तो कशाला घेतला ते मलाही सांगता आलं नसतं. हातात होता, तसाच घेतला.

माळावर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. निवाऱ्यांच्या ओळी, पाण्याच्या टँकरसमोर घागरी, कुठेतरी एक बाई एकाच सुरात रडत होती. डॉक्टरबाईंनी सरपंचांना गाठलं. सरपंचांचं स्वतःचं अर्धं घर गेलं होतं. ते बोलत होते पण नजर कुठेच ठरत नव्हती. "गोळ्या ना? वाटल्या. दोन-दोन पानं सगळ्यांना. सकाळ-संध्याकाळ घ्या म्हणले."

आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी सांगायची, "सूर्याचं चित्र असलेल्या गोळ्या घेऊ नका. परत द्या. त्या चुकून आल्यात."

लोक ऐकून घ्यायचे, पण गोळ्या काढून द्यायचे नाहीत. एक म्हातारी निवाऱ्याच्या तोंडाशी बसली होती. लुगड्याच्या गाठीत गोळ्यांचं पान बांधलेलं मला दिसत होतं.

"आजी, ती गोळी द्या बघू."

"न्हाई."

"ती तुमच्या कामाची नाही, आजी. त्रास होईल."

"सगळं गेलं माजं," ती म्हणाली. "भांडं न्हाई राह्यलं, माणूस न्हाई राह्यलं. कुणीतरी येतंय, हातावर कायतरी ठिवतंय. अन् तुमी ते बी काढून न्यायला आलाव का?"

मागे उभा असलेला एक माणूस म्हणाला, "भारी औषध असंल. फॉरेनचं. आपल्याला द्यायचं न्हाई म्हणून नेऊन राहिलेत."

 कोशात त्या औषधाबद्दल होतं ते सगळं माझ्याजवळ होतं. ते या म्हातारीला कसं सांगायचं ते नव्हतं. मी तिच्याशेजारी मातीत बसले. म्हटलं, "आजी, तुमच्या गावात कुणाला साखरेचा आजार होता का?"

"व्हता की. शिंप्याला. गोड खात नव्हता."

"ही त्याची गोळी आहे. त्याची साखर जास्त, म्हणून कमी करायला. तुमच्या अंगात आधीच साखर नाही. किती दिवस धड जेवला नाहीत तुम्ही. आहे तीही या गोळीनं गेली तर उभं राहता येईल का?"

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं. आम्ही धावलो.

चाळिशीचा एक माणूस खाटेवर पडला होता. शर्ट घामानं भिजलेला. हात थरथरत होते, आणि तो बायकोला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाका मारत होता. बायको डोक्याशी बसून पदरानं वारा घालत होती. "धक्का बसलाय त्यास्नी," ती म्हणाली. "सकाळधरनं येड्यावानी करून राहिलेत. लेक गेली ना आमची. सगळे म्हणतात, दुःख डोक्यात गेलं."

"आज काय खाल्लं यांनी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काय बी न्हाई. घास जात न्हाई. गोळ्या तेवढ्या घेतल्या. म्या म्हणलं, जेवत न्हाई तर ताकदीची गोळी तरी घ्या."

डॉक्टरबाईंनी त्याचा जबडा धरून पाहिला. गिळता येईल इतका तो शुद्धीवर नव्हता. त्यांनी चाचांकडे हात केला, चाचांनी ग्लुकोजची बाटली आणि सुई आधीच काढली होती. मी बाटली उंच धरून उभी राहिले. निवाऱ्याच्या दाराशी माणसं दाटली.  बाटली उतरत गेली तशी त्याच्या हातांची थरथर कमी झाली. मग त्यानं डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं आणि तिच्या खऱ्या नावानं हाक मारून विचारलं, "इतकी माणसं कशाला जमलीत?"

बायको मोठ्यानं रडायला लागली. लेकीसाठी ती तोवर रडली नव्हती, असं मला नंतर कळलं.

"हे दुःख नाही," डॉक्टरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दुःख आहेच. पण हे दुःखानं झालेलं नाही. गोळीनं झालेलं आहे. आणि यांना आमच्याबरोबर दवाखान्यात यावं लागेल, कारण साखर पुन्हा उतरू शकते."

त्यानंतर आम्हाला कुणाकडे काही मागावं लागलं नाही. लोक स्वतः आले. गाठी सोडल्या, खिसे उलटे केले, डब्यातून, चोळीतून, देवाच्या तसबिरीमागून पानं काढून आणली. रिकाम्या हातानं कुणाला परत पाठवायचं नाही, हे आम्ही तिथंच ठरवलं. गोळ्यांच्या बदल्यात प्रत्येकाला साखर आणि जलसंजीवनीची पाकिटं दिली, आणि ज्यांनी गोळ्या घेतल्या होत्या त्यांना आमच्यासमोर गोड चहा पाजला. चाचा एकेका पानावरच्या उरलेल्या गोळ्या बघून कुणी किती घेतल्या ते सांगत होते. आणखी दोघांना आम्ही जीपमध्ये घेतलं. ती म्हातारी सगळ्यात शेवटी आली. पान माझ्या हातात ठेवून म्हणाली, "पुस्तकात बघून सांगितलं न्हवं तू?"

"हो, आजी."

"मग आधी का न्हाई आली?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. 

तिघंही वाचले. पहिला माणूस दोन दिवस दवाखान्यात राहिला. त्याला परत नेऊन सोडलं तेव्हा त्यानं चाचांचे हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

माळावरून परतलो त्या संध्याकाळी, रुग्णांना दवाखान्यात उतरवून गोदामाकडे जाताना जीपमध्ये आम्ही तिघं भांडलो. म्हणजे मीच भांडले. मी म्हटलं, उद्यापासून मराठीत लिहिलेली चिठ्ठी असल्याशिवाय एकही खोकं गोदामाबाहेर जाता कामा नये. कोणतं औषध, कशासाठी, कुणी घ्यायचं, कुणी मुळीच घ्यायचं नाही.

"शेकड्यांनी खोकी आहेत, ताई," डॉक्टरबाई म्हणाल्या. "निवाऱ्यांवर औषध उद्या सकाळी पाहिजे. तुम्ही चिठ्ठ्या लिहीत बसलात तर औषधाअभावी माणूस जाईल."

"आणि चिठ्ठीअभावी?"

 त्यांचंही खरं होतं. चाचा समोर बघत म्हणाले, "दोघीबी बरोबर हाव. मग रास्ता एकच. आधी कामाची औषधं वेगळी काढू, तेवढ्याला चिठ्ठी. बाकीचं जग राहू दे बंद."

चाचांनी आणि डॉक्टरबाईंनी बसून निवाऱ्यांवर खरोखर लागणारी औषधं निवडली. ती फार नव्हती. गोदामातला मोठा भाग आम्हाला कशालाच नको होता. मी एकेका औषधाची चिठ्ठी लिहिली, चाचांनी तपासली, डॉक्टरबाईंनी सोपी करून घेतली. "'उपाशीपोटी' असं नको," त्या म्हणायच्या, "'काही न खाता' असं लिहा." आणि तरी एवढ्या प्रती काढायच्या कुणी? झेरॉक्सचं दुकान बंद होतं, मालक गावाकडे गेलेला.

मी घरी आले आणि अंगणातल्या मुलींना विचारलं. निलंग्याच्या मुलीनं वही मिटली. "अक्षर चांगलं पाहिजे का लवकर पाहिजे?" तिनं विचारलं.

"दोन्ही."

त्या सगळ्या कामाला लागल्या. देगलूरच्या मुलीचं मराठी कच्चं होतं, तेलुगू माध्यमातून आलेली. ती आकडे तपासायला बसली. लिहिता लिहिता त्या मला प्रश्न विचारायला लागल्या. हे औषध बाळंतिणीनं का घ्यायचं नाही? याच्याबरोबर दूध का चालत नाही? मी कोश उघडून दाखवत राहिले. घरमालकीण चुलीवरचं भांडं बाजूला सारून स्वतः चिठ्ठ्या खोक्यांना चिकटवायला खळ शिजवून घेऊन आल्या.

पुढचे काही आठवडे आमचं गोदाम म्हणजे जणू ग्रंथालयाची शाखा झालं. निवाऱ्यांवरचे डॉक्टर जीप थांबवून आत यायचे, प्रश्न टाकून जायचे आणि परत येताना उत्तर घेऊन जायचे. सर नांदेडहून झेरॉक्स पाठवायचे. ड्रायव्हर-कंडक्टरांना आता पाकीट कसलं ते विचारावं लागत नव्हतं. डिसेंबरच्या तोंडाशी उरलेली, मुदत संपलेली औषधं आम्ही गावाबाहेर चुन्याच्या खड्ड्यात पुरली. सूर्याची खोकीही त्यातच गेली. चाचा बाजूला उभे राहून म्हणाले, "कुणीतरी जेब हलकी करून पाठवलेलं असंल हे." आणि मान फिरवली.

नांदेडला परतल्यावर मी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हटलं, आपल्याकडे या कामासाठी वेगळं कपाट पाहिजे. कोश, पाण्याचे तक्ते, मराठीतली पत्रकं, सगळ्या तालुक्यांच्या दवाखान्यांचे फोन. उद्या काही झालं तर उचलून निघता आलं पाहिजे. सरांनी प्रस्ताव वर पाठवला. वरून उत्तर आलं की ग्रंथालय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी असतं, अशी तरतूद नाही. मी दुसऱ्यांदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं तोवर सर निवृत्त झाले होते आणि जाताना नव्या साहेबांना सांगून गेले होते, "या बाई थांबणार नाहीत. तेव्हा लवकर हो म्हणा, तुमचा वेळ वाचेल."

कपाट मिळालं. जुनं, एक दार नीट न लागणारं, पण मिळालं. पत्रकं मी आधी आईला वाचून दाखवायची. तिला कळली नाहीत तर पुन्हा लिहायची. हदगावच्या ओट्यावर बसून ती दर वाक्याला थांबवायची. "'निर्जंतुक' म्हंजे काय? सरळ 'उकळलेलं' म्हण की." मी खोडायची आणि सरळ म्हणायची.

पुढच्याच पावसाळ्यात उत्तरेकडच्या एका तालुक्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा फोन दुपारी आला. आवाज दमलेला होता. त्यांनी विचारलं, विहिरींचं पाणी शुद्ध करायचं लोकांना समजेल अशा भाषेत काही आहे का, आणि किती वेळात मिळेल.

"आहे," मी म्हटलं. "हदगावमार्गे तुमच्याकडे येणारी गाडी अर्ध्या तासात सुटते. मी स्वतःच घेऊन येते. तोवर तुम्ही विहिरीचा घेर आणि पाण्याची खोली मोजून ठेवा, ब्लीचिंग पावडर किती घालायची ते त्यावर ठरतं."

फोन ठेवला, कपाटातला पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला आणि बसस्थानकाकडे चालायला लागले.